गवती छपरांचे स्वराज्य आणि विस्तवाचा धाक

हिंगणा (जि. नागपूर) - फाल्गुन सरत आला, की हिंगणा तालुक्यातील गावांत घरांच्या मागे पऱ्हाट्या आणि तुराट्यांचे ढीग उभे राहतात. गोठ्याला लागून कुटार साठवले जाते आणि पावसाळ्यापूर्वीच्या शाकारणीसाठी गवताच्या पेंढ्या रचल्या जातात. एका अंगाला औद्योगिक वसाहतीतील पत्र्याच्या शेड आणि दुसऱ्या अंगाला बांबू-तुराट्यांच्या कुडाला माती-शेणाचा गिलावा दिलेल्या भिंती, असे या भागाचे मिश्र रूप आहे. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि वृत्तपत्रांच्या जिल्हा पानावर गोठा जळून खाक झाल्याची चार ओळींची बातमी येते. बैलजोडी, बियाणे, वर्षभराचा चारा आणि कधी शेजारची दोन-चार घरे एवढा संसार त्या चार ओळींत संपलेला असतो.

याच बांबूला, मातीला आणि गवताला शहरांत आता नवी प्रतिष्ठा मिळाली आहे. सिमेंट आणि लोखंड यांना पर्याय म्हणून, पृथ्वीवरचा भार हलका करणारे साहित्य म्हणून वास्तुविशारद त्याचा पुरस्कार करतात. परंतु असे घर बांधू इच्छिणाऱ्याच्या ओठावर पहिला प्रश्न येतो तो आगीचाच. हा प्रश्न नवा नाही. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका राजाने ऐन राज्याभिषेकाच्या तयारीत असताना त्याचा बारकाईने विचार केला होता आणि आपल्या अधिकाऱ्यांना त्यासंबंधी सविस्तर पत्र धाडले होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र किल्ल्यांच्या, लढायांच्या आणि मुत्सद्देगिरीच्या अंगाने अनेकांनी लिहिले आहे. गवत, लाकूड आणि विस्तव यांच्या अंगाने पाहिले तर त्याच चरित्राची एक वेगळी, काहीशी उपेक्षित बाजू दिसते.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला. मातोश्री जिजाबाई या विदर्भाच्या वेशीवरील सिंदखेडच्या जाधवांच्या कन्या. जन्माच्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला होता आणि त्याच काळात शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे गाव आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने जाळून बेचिराख केले. गावाची भिंत पाडली, जागेवर गाढवाचा नांगर फिरवला आणि वस्ती पुन्हा होऊ नये म्हणून पहार ठोकली. बालपणी महाराज मातोश्रींसह ज्या पुण्यात राहावयास आले ते हे जळालेले पुणे होते. तेथे लाल महाल उभा राहिला, सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून भूमीचा अपशकुन पुसला गेला, पळालेली कुळे हळूहळू परतली. जळालेले गाव पुन्हा वसवायला किती वर्षे लागतात, किती लाकूड लागते, किती माणसांचा धीर बांधावा लागतो, हे या मुलाने उघड्या डोळ्यांनी पाहिले असणार. पुढच्या आयुष्यातील काटकसरीचे आणि जागरूकतेचे मूळ पुष्कळदा रामायण-महाभारताच्या कथांत शोधले जाते. ते या राखेतही शोधावयास हरकत नाही.

ज्या मावळात स्वराज्याची उभारणी झाली, तेथील घर म्हणजे लाकडी मेढी, कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर. गडांचे तट, बुरूज आणि दरवाजे दगडांचे असले, तरी तटाच्या आतील संसार बव्हंशी लाकडाचा आणि गवताचाच होता. शिबंदीची घरटी, जनावरांचे गोठे, घोड्यांच्या पागा, पावसाळ्यात आडोशासाठी घातलेली छपरे, सारे आसपासच्या रानातून आलेले. हे साहित्य स्वस्त होते, हाताशी होते, डोंगरावर वाहून नेण्यास हलके होते आणि मोडले तर पुन्हा मातीत जाणारे होते. आज ज्याला पर्यावरणस्नेही बांधकाम म्हणतात, त्याखेरीज दुसरे बांधकाम सामान्य माणसाला त्या काळी ठाऊकच नव्हते. मात्र या बांधकामाचा एकच शत्रू असा होता, की जो एका रात्रीत सारे संपवू शकत होता.

त्या शत्रूशी महाराजांची गाठ वारंवार पडली. १६६० मध्ये शायिस्तेखानाच्या फौजांनी चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने तो दीर्घकाळ झुंजवला. अखेर बुरुजाखाली सुरुंग उडवून मोगलांनी वाट काढली. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरला वेढा घालतानाच दाऊदखानास आसपासच्या मुलखात धाडले. राजगड, सिंहगड आणि रोहिड्याच्या परिसरातील सुमारे ५० गावे त्या स्वारीत जाळली गेली. डोंगरउतारावरील गवती घरांची ती गावे होती. मशाल लावण्याचाच अवकाश. खुद्द पुरंदरच्या झुंजीत बुरुजावर ठेवलेल्या दारूचा भडका उडून गडावरचीच माणसे दगावली. त्याच वर्षी जून महिन्यात महाराजांनी तह करून २३ किल्ले दिले. या निर्णयामागे अनेक कारणे होती. पेटलेली गावे आणि परागंदा झालेली रयत हे त्यांतील लहान कारण खचित नव्हते.

आगीचा उपयोग शस्त्र म्हणून महाराजांनी केलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी झाली, तेव्हा लाकडाच्या आणि बांबू-मातीच्या घरांनी दाटलेल्या त्या शहराचा मोठा भाग जळाला. इतिहासाने ही नोंद झाकलेली नाही आणि ती झाकण्याचे कारणही नाही. लाकूड-गवताच्या वस्तीत विस्तव शिरला म्हणजे काय होते, हे महाराजांनी पोळलेल्याच्या आणि पोळविणाऱ्याच्या, अशा दोन्ही बाजूंनी पाहिले होते. त्यांच्या पुढच्या आज्ञांना जे वजन आहे, ते या अनुभवाचे आहे.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला. तानाजी पडले, परंतु गड हाती आला. ही वार्ता राजगडावर कशी पोहोचवावी? कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत त्याचा उलगडा आहे. गडावरील पागेचे जे खण होते त्यांना मावळ्यांनी आग लावली आणि त्या ज्वाळांचा उजेड समोरच्या डोंगररांगेवरील राजगडावरून महाराजांनी पाहिला. गड सर झाला, हे त्यांनी त्या उजेडावरून ओळखले. खण म्हणजे दोन खांबांमधील गाळा. लाकडी खांबांवर गवताचे छप्पर घातलेले असे गाळे एकापुढे एक जोडले, की घोड्यांची पागा तयार होई. माघ महिन्यातील वाळलेल्या गवताची ती पागा केवढ्या त्वरेने पेटली असेल आणि किती दुरून दिसली असेल, याची कल्पना करता येते. या दृश्यानंतर चार वर्षांनी हाच खण शब्द महाराजांच्या एका पत्रात पुन्हा येतो. पण तेथे खणाला आग लावावयाची नसून ती लागू द्यावयाची नाही, याची चिंता आहे.

ते वर्ष १६७४. फेब्रुवारीअखेर नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर धारातीर्थी पडले होते. घोडदळाला नवा सेनापती हवा होता. महाराज चिपळूणला आले, त्यांनी लष्कराची पाहणी केली आणि हंबीरराव मोहित्यांकडे सरनोबती सोपवली. इकडे रायगडावर राज्याभिषेकाची तयारी चालली होती. अशा गडबडीत घोडदळाचा मोठा तळ चिपळूणच्या परिसरात पडून राहिला आणि त्याने दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी केलेला दाणागोटा व गवताचा साठा बराचसा संपवला. वैशाखाचे दिवस होते. कोकणात एकदा पावसाची झड सुरू झाली, की बाहेरून काही आणणे अशक्य. तेव्हा कारकुनांकडून आणि गडागडांवरून मिळेल तेवढे धान्य गोळा करून पागेची कशीबशी बेगमी करण्यात आली आणि घोडदळाला छावणीस पाठवण्यात आले.

या छावणीवरील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना महाराजांनी पत्र लिहिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी प्रसिद्ध केलेल्या साधनांत ते समाविष्ट आहे. पत्रातील गावाचे नाव हलवर्ण असे आहे. चिपळूणनजीकचे दळवटणे ते हेच, असे मानले जाते. पत्राची तारीख सर्वसाधारणपणे ९ मे १६७४ धरली जाते. म्हणजे ६ जूनच्या राज्याभिषेकाला पुरा महिनाही उरलेला नव्हता. गागाभट्ट, सप्तनद्यांचे जल, सिंहासन, परराज्यांचे वकील या सगळ्या धामधुमीत गवताच्या गंज्यांविषयी विचार करण्यास या राजाला सवड मिळाली, हेच मुळात विलक्षण आहे.

या पत्राचा पूर्वार्ध महाराष्ट्रात पुष्कळ प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, दाणा, गवत, सरपण, भाजीपाला जे लागेल ते बाजारातून रोख विकत घ्यावे, अन्यथा मोगल परवडले असे लोक म्हणतील, असा त्याचा आशय. शालेय पुस्तकांपासून राजकीय सभांपर्यंत हा भाग सर्वत्र ऐकू येतो. उत्तरार्ध मात्र फारसा कोणी वाचत नाही. वास्तविक, तोच भाग अधिक तपशीलवार आहे आणि त्याचा विषय आहे आगीपासूनचा बचाव.

महाराज लिहितात ते असे, की छावणीत लोक शेकोट्या पेटवतील, सोयीस्कर वाटेल तेथे स्वयंपाकाच्या चुली मांडतील, तंबाखूसाठी विस्तव घेतील. जवळ गवत पडले आहे किंवा वारा सुटला आहे, याचे भान राहणार नाही आणि अकस्मात घात होईल. एका खणाला आग लागली, तर ओळीने सारे खण जळतील. गवताच्या एका गंजीवर कोठून तरी ठिणगी पडली, तर एकामागून एक सर्व गंज्या जातील. रात्री घरात दिवा जळत राहिला, तर एखादा उंदीर त्याची पेटती वात ओढून नेईल, इतक्या बारीक शक्यतेपर्यंत हे पत्र जाते. असे काही घडू नये म्हणून छावणीतील मुख्य माणसांनी स्वतः हिंडून चुली, शेकोट्या आणि दिवे पाहावेत, अशी आज्ञा आहे.

या आज्ञेतील कार्यकारणभाव आजच्या अग्निशास्त्राच्या कसोटीला उतरतो. वाळलेल्या गवताची काडी बारीक असते, तिच्या भोवती हवा खेळती असते आणि म्हणून ती ठिणगीसरशी पेट घेते. वारा असला, की जळत्या काड्या उडून पुढच्या छपरावर पडतात. पत्रात गवत आणि वारा या दोन्ही गोष्टींचा उल्लेख शेजारी शेजारी आला आहे, तो योगायोगाने नव्हे. एकमेकांना लागून असलेल्या गाळ्यांत आग थांबण्यास जागाच नसते, हेही त्यात गृहीत आहे. आग लागण्याच्या कारणांची जी यादी पत्रातून निघते, म्हणजे स्वयंपाकाचा विस्तव, शेकोटी, धूम्रपान आणि रात्रीचा दिवा, ती आजही फारशी बदललेली नाही. दिव्याच्या जागी विजेची तार आली एवढेच. उंदीर तोच आहे; पूर्वी तो वात पळवी, आता तारेवरचे आवरण कुरतडतो.

याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे कलम. आग लागून खण जळाल्यावर काय होईल, याचा हिशेब महाराज मांडतात. त्यानंतर कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना कितीही दरडावले, तरी नवा खण उभारण्यास एक लाकूडसुद्धा मिळणार नाही, असे ते स्पष्टपणे बजावतात. सतराव्या शतकातील सत्ताधीशाच्या लेखणीतून हे यावे, याचे मोल मोठे आहे. शिक्षा करून लाकूड उगवत नाही, हे त्यांना उमगले होते. रानातून येणारे साहित्य पुन्हा मिळते खरे, परंतु ते आपल्या ऋतूत मिळते. ज्येष्ठ-आषाढाच्या पावसात वाळलेले गवत कोणत्याही हुकमाने निर्माण करता येत नाही. निसर्गातून येणाऱ्या साहित्यावर बांधकाम करावयाचे तर त्याची राखण हाच त्याच्या किमतीचा मोठा भाग असतो. ती राखण झाली नाही, की भार येतो तो कुणब्यावर. पत्राचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध येथे एकमेकांना मिळतात. गंजी जळाली, की शिपाई गावात शिरणार आणि शेतकऱ्याच्या छपराचे गवत ओढून आणणार, हे ओळखूनच आगीची ताकीद रयतेच्या रक्षणाशी जोडलेली आहे.

आणखी एक गोष्ट. या पत्रात जबाबदारी चुलीपाशी बसलेल्या मोतद्दारावर टाकलेली नाही. ती जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांच्यावर टाकलेली आहे. दररोज खबर घ्यावी, वरचेवर फेरी मारावी, आणि ज्याच्याकडून हयगय होईल त्याची अब्रू आणि रोजगार दोन्ही राहणार नाहीत, असा इशारा त्यांनाच दिलेला आहे. घोडी मेली तर ती शत्रूने नव्हे, तुम्हीच मारली असे ठरेल, हे त्यातील सूत्र. आपल्याकडे आजही आग लागल्यावर प्रथम चौकीदारावर गुन्हा दाखल होतो, हे पाहता त्या पत्राची दृष्टी अधिक प्रगल्भ म्हणावी लागेल.

हे सारे इतिहासजमा झाले, असे समजण्याचे कारण नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेला आग लागली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातील विस्तव शाळेच्या गवती छपराला भिडला होता. चूल आणि गवत यांची ती गाठ ३३० वर्षांपूर्वी चिपळूणच्या पत्रात वर्णिलेलीच होती. दुर्घटनेनंतर शाळांवरील गवती छपरे काढून टाकण्याची मोहीम झाली. ती आवश्यकही होती. परंतु छप्पर गवताचे होते, याइतकाच दोष चूल त्याच्या शेजारी होती आणि बाहेर पडण्याची वाट अपुरी होती, यांकडेही जातो.

कारण वनस्पतिजन्य साहित्य एकाच रीतीने जळत नाही. सुटे गवत भडकते. तेच घट्ट दाबून दोन्ही बाजूंनी मातीचा जाड गिलावा दिला, तर आत हवा पोहोचत नाही आणि आग पुढे सरकण्यास बराच वेळ लागतो. जाड लाकडी तुळई वरून कोळसा होते आणि तो कोळशाचा थर आतील लाकडाला काही काळ सांभाळतो. बांबू पोकळ आणि पातळ, म्हणून उघडा ठेवला तर लवकर पेटतो. कुडात घालून लिंपला तर टिकतो. विदर्भातील खेड्यांत माती-शेणाने भिंत लिंपण्याची जी रीत आहे, ती केवळ स्वच्छतेची नाही. रूरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने गवती छपरावर पावसाने न धुपणाऱ्या मातीचा लेप देऊन ते आगीला दाद न देणारे करण्याची पद्धत विकसित केली, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. मांडव आणि तात्पुरत्या बांधकामांतील आगीच्या प्रतिबंधासाठी भारतीय मानक संस्थेची स्वतंत्र संहिताही आहे. अग्निशमन अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारे राष्ट्रीय महाविद्यालय तर नागपुरातच आहे. ज्ञानाची टंचाई नाही. टंचाई आहे ती फेरी मारणाऱ्या हवालदाराची.

चिपळूणच्या पत्रानंतर महाराजांचे आयुष्य सहाच वर्षांचे उरले होते. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि अकराच दिवसांत, १७ जूनला, जिजाबाईंनी पाचाडला देह ठेवला. १६७७ मध्ये महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले. जिंजी आणि वेल्लोर स्वराज्यात आले. चिपळूणच्या पावसाळ्यात जिची काळजी वाहिली तीच घोडदळाची ताकद या दूरच्या मोहिमेत कामी आली. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर त्यांचे निधन झाले, तेव्हा वय अवघे ५० वर्षांचे होते.

त्यांनी घालून दिलेली शिस्त कागदावर नीट उतरली ती त्यानंतर ३५ वर्षांनी. राज्याभिषेकाच्या वेळी अमात्यपदी असलेल्या तरुण रामचंद्रपंतांनी पुढे राजारामांच्या काळात महाराष्ट्राचा कारभार सांभाळला आणि वृद्धापकाळी, १७१५ मध्ये, कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी आज्ञापत्र लिहिले. त्यातील दुर्गप्रकरणात आगीचे भान पदोपदी दिसते. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, सदरेपासून अंतर राखून बांधावा, त्याभोवती झाडांचे दाट कुंपण असावे, दारू तळघरात ठेवावी, ठरावीक दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करावी, तेथे कायम पहारा असावा, असे नियम त्यात आहेत. धान्याच्या आणि वस्तूंच्या कोठारांना आग, उंदीर, मुंगी आणि वाळवी यांचा उपद्रव होऊ नये म्हणून जमिनीला दगड आणि गच्ची करावी, असेही सांगितले आहे. गडावरील केर खाली न टाकता जागोजागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून भाजीपाला करावा, ही सूचना तर आजच्या नगरपालिकांनाही अवघड वाटेल. आग आणि उंदीर हे जोडीने येतात, हे रामचंद्रपंतांनाही ठाऊक होते. त्यांची उमेदवारी ज्या दरबारात झाली, तेथील ती रोजची शिकवण असावी.

तोफांपुढे मात्र ही खबरदारी अपुरी पडली. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने रायगडावर गोळ्यांचा मारा केला. लाकडी वाडे पेटले, राजवाडा जळाला आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. दहा वर्षांनी, २७ फेब्रुवारी १८२८ रोजी, पुण्याच्या शनिवारवाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. नागपूरच्या महाल भागातील भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. मागे उरला तो नगारखाना. या वास्तूंतील सागवान कोठून आले, कोणी वाहिले आणि किती वर्षांत उभे राहिले, याचा पत्ता आता कोणाला नाही. रायगडावर आज दगडी जोती दिसतात. त्यांवरील छप्पर आणि भिंती मनानेच उभ्या कराव्या लागतात.